चाळीस शिलिंग आणि सावद्याचा बाजार

परवा सकाळी आमच्या दूधवाल्या दादांना मी दारातच धरून ठेवलं. गाडी चालू, हातात माप, पुढची पंधरा-वीस घरं खोळंबलेली, आणि मी त्यांना सांगतेय की दादा, १७१४ च्या जुलैत लंडनला लागून असलेल्या इस्लिंग्टनमध्ये, म्हणजे शहराला दूध घालणाऱ्या गोठ्यांच्या वस्तीत, गायींवर भयंकर साथ आली, तर तिथे काय केलं असेल सांगा बरं! दादा म्हणाले, "काय केलं?" आणि त्यांनी गाडी बंद केली.

गाडी बंद केली! महिनाभरात माझं हे पुराण ऐकायला गाडी बंद करणारा हा पहिला माणूस. घरात मी तोंड उघडलं की नवरा "इस्लिंग्टन का?" म्हणतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. स्टाफरूममध्ये मी शिरले की सगळ्यांना एकदम पेपर तपासायचे आठवतात. तसा माझा या विषयावर काही हक्क नाही. मी धुळ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. माहेर रावेर तालुक्यातलं, सासरचं मूळ गाव साक्रीकडचं, दोन्हीकडे दावणीला ढोरं. संबंध म्हणायचा तर एवढाच. पण आता ऐकाच.

आखाजीला माहेरी गेले होते. भावाला पेरणीच्या आत बैलजोडी बदलायची होती. म्हणाला, सावद्याच्या बाजाराला येतेस का? लहानपणी वडिलांच्या, अण्णांच्या मागे लागून लागून थकले होते मी, पण 'पोरीच्या जातीचं तिथे काय काम' या एका वाक्यावर विषय संपायचा. त्यामुळे पन्नाशीला टेकल्यावर गुरांच्या बाजारात पहिल्यांदा पाय ठेवला आणि खुळावलेच. बैलाचा ओठ वर करून दात बघायचे आणि वय सांगायचं: आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. रुमालाखाली हेड्याचा, म्हणजे गुरांच्या दलालाचा हात आणि गिऱ्हाइकाचा हात, वर दोघांचे चेहरे मख्ख, आणि खाली बोटांनी हजारांचा सौदा चाललेला. मला आकडा कळावा म्हणून मी भावाच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते, तर तो म्हणाला, तू जरा लांब उभी राहा, तुझ्या तोंडावरून समोरच्याला कळतंय. गेले मग लांब. शेडच्या खांबाला टेकले. पाठीशी काही खरखरलं म्हणून वळून पाहिलं तर एक जुना कागद, पावसाने धुपलेला, वरच्या अर्ध्या भागावर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात डकवलेली. खाली दोन शब्द नीट वाचता येत होते: लम्पी, आणि बंद.

२०२२! किती पटकन विसरलो आपण. गुरांवरच्या लम्पीच्या त्या साथीत महाराष्ट्रातलं पहिलं जनावर सापडलं ते ४ ऑगस्ट २०२२ ला, आमच्याच रावेर तालुक्यात, चिनावलला. सावद्याच्या शेजारचं गाव. सप्टेंबरच्या मध्याला राज्यात दगावलेल्या जनावरांचा आकडा १२६ झाला, तेव्हा त्यातली ४७ एकट्या जळगाव जिल्ह्यातली होती, धुळ्यातली २. बाजार बंद, जत्रा बंद, शर्यती बंद, आणि त्या वर्षीचा पोळा मिरवणुकीविना. बैल धुतले, रंगवले, पुरणपोळी खाऊ घातली, सगळं आपापल्या अंगणात. वेशीतून एकही बैल निघाला नाही. आमच्या गावात पोरं रिकाम्या रस्त्यावर ढोल वाजवून आली, एवढंच.

भावाचा बैल लाल्या तेव्हा आजारी पडला होता. आधी ताप, मग नाकाडोळ्यांतून पाणी, तिसऱ्या दिवशी मानेवर आणि पाठीवर सुपारीएवढ्या गाठी. बोट फिरवलं की चामडीखाली टणक लागायच्या. वहिनी कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने त्याला पुसायची आणि माशा बसू नयेत म्हणून संध्याकाळी गोठ्यात धूर करायची. लाल्या वाचला. त्याच्या अंगावर अजून खवल्यासारखे व्रण आहेत, केस आले नाहीत तिथे. पण एक गोष्ट मला त्या दिवशी बाजारात, त्या कागदासमोर पहिल्यांदा कळली. भावाने ताप आला तेव्हा दोन दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं. "का रे?" विचारलं तर म्हणाला, "सांगितलं असतं तर माझ्या बाकीच्या ढोरांना हौदावर पाणी प्यायला येऊ दिलं असतं का गावाने? आणि सरकारी माणसं बैल घेऊन गेली असती तर? पेरलेलं कोळपायचं कशाने?"

सरकारी माणसं बैल घेऊन जात नव्हती, लस टोचत होती. पण भीती कुठून आली असेल ही? त्याच रात्री गच्चीवर मोबाईल घेऊन बसले ते पहाटेपर्यंत. वहिनी दोनदा वर येऊन बघून गेली, बरी आहे ना म्हणून.

सुरुवात झाली पादुआपासून. इटलीतलं विद्यापीठाचं शहर, साल १७११. तिथला वैद्यकाचा प्राध्यापक बर्नार्दिनो रामाझ्झिनी. कुंभार, सुतार, चुन्याच्या भट्टीवरचे मजूर, कोणाला धंद्यापायी कोणता रोग जडतो यावर ज्याने जगातला पहिला मोठा ग्रंथ लिहिला तोच हा. त्या वर्षी उत्तर इटलीत गुरं पटापट मरू लागली. रामाझ्झिनी साथीचा माग काढत मागे मागे गेला आणि पोचला एका बैलाशी. एका! दाल्माशियाकडून व्यापाऱ्यांनी हाकत आणलेल्या कळपातला एक बैल वाटेत चुकला, भरकटला आणि बोरोमेओ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर सापडला. चांगला दिसला म्हणून गोठ्यात बांधला. त्या गोठ्यातली गुरं गेली, मग शेजारची, मग मुलूखच्या मुलूख. मला तो बैल दिसतो हो! दावं तुटलेलं, तहानलेला, नाक गळतंय, आणि कुणीतरी खुशीत त्याच्यापुढे चारा टाकतंय. फुकटचा बैल मिळाला म्हणून.

हा रोग लम्पी नव्हे. ही बुळकांडी, इंग्रजीत जिला रिंडरपेस्ट म्हणतात. ताप, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. कळपात शिरली तर क्वचित एखादं वाचायचं. लम्पीत बहुतेक जनावरं उठून उभी राहतात. बुळकांडीत गोठा रिकामा व्हायचा. अठराव्या शतकातल्या युरोपात गोठा रिकामा म्हणजे नांगर थांबला, शेणखत गेलं, दूध गेलं आणि शहरातलं मांस महागलं. म्हणून तर शहरं जागी झाली. खेड्यातली गुरं मरत होती तोवर प्रार्थना चालल्या. राजधानीच्या बाजारात मांस येईना, तेव्हा दरबारी वैद्याला बोलावणं गेलं. (हे वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, यात नवीन काय? बरोबर आहे त्याचं.)

रोममधला तो दरबारी वैद्य म्हणजे जोव्हान्नी मारिया लान्चिसी, अकरावे क्लेमेंट पोप यांचा खासगी डॉक्टर. १७१३ मध्ये साथ रोमच्या वेशीवर आली. त्या काळी रोग विषारी वाऱ्याने होतो असं भलेभले मानत, पण लान्चिसीचा निदान गुरांच्या या रोगाबद्दल तरी पक्का हिशेब होता: रोग जनावराकडून जनावराकडे जातो, तेव्हा जनावराची वाट तोडा. बाधित मुलखातून गुरं आणायची नाहीत, रस्त्यांवर पहारे. आजारी जनावर औषधपाण्यात वेळ न घालवता मारायचं. मेलेलं जनावर कातड्यासकट, होय, कातड्यासकट, खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं. आणि नियम मोडणारा? साधा माणूस असेल तर फाशी. धर्मगुरू असेल तर गलबतावर वल्ही मारायला.

चुना! मी मोबाईल खाली ठेवला. २०२२ मध्ये आमच्या गल्लीतलं एक वासरू गेलं होतं. गावाबाहेर जेसीबीने खड्डा खणला, वासरू ठेवलं आणि दोन माणसांनी वरून गोणी फाडून चुना ओतला. पांढरा धुरळा उडाला आणि खड्ड्याच्या काठावर उभ्या पोरांचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे झाले. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, हे काहीतरी नव्या जमान्याचं सरकारी शास्त्र. आणि इकडे पोपच्या डॉक्टरने तीनशे वर्षांपूर्वी हेच सांगून ठेवलेलं. सरकार बदललं, देव बदलला, खंड बदलला, पण गोणी चुन्याचीच!

आणि आता इस्लिंग्टन. दादांनी ज्यासाठी गाडी बंद केली ते.

थॉमस बेट्स नावाचा एक शस्त्रवैद्य होता. ना गुरांचा डॉक्टर, ना शेतकरी. गुरांचे डॉक्टर शिकवून तयार करणारी जगातली पहिली शाळा फ्रान्समध्ये ल्योंला निघाली तीच मुळी १७६२ मध्ये, आणि तीही या साथींच्या तडाख्यामुळे. तर या बेट्सला इस्लिंग्टनच्या गोठ्यांत पाठवलं. त्याने पाहिलं आणि सांगितलं ते लान्चिसीसारखंच: आजारी गाई मारा, जाळा, गोठे धुऊन काही महिने रिकामे ठेवा, राहिलेली गुरं दहा-बारांच्या टोळ्यांत वेगवेगळी चारा, एका गोठ्याचा गडी दुसऱ्या गोठ्यात जाऊ देऊ नका. पण त्याने एक वाक्य जास्तीचं घातलं, आणि त्या एका वाक्यासाठी मी महिनाभर लोकांचं डोकं खातेय. जो गवळी आपली आजारी गाय आपणहून पुढे करेल त्याला गाईमागे चाळीस शिलिंग द्या.

चाळीस शिलिंग, राजाच्या खजिन्यातून! इटलीत फास होता, इथे पैसा. आणि गवळ्यांनी गाई पुढे केल्या! आधी जाळत होते, पुढे पुरू लागले, काही हजार गाई गेल्या. पण वर्ष सरायच्या आत साथ आवरली. बाकीचा युरोप पुढची कित्येक वर्षं गुरं पुरत बसला होता. बेट्सने हे सगळं लिहून काढलं आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने ते छापलं.

पहाटे चारला माझ्या डोळ्यांपुढे माझा भाऊ होता, लाल्याचा ताप दोन दिवस लपवणारा. तो काही वाईट माणूस नाही. त्याचा हिशेब सरळ होता: सांगितलं तर नुकसान नक्की, नाही सांगितलं तर कदाचित वाचू. हा हिशेब पादुआच्या शेतकऱ्याचाही होता, इस्लिंग्टनच्या गवळ्याचाही. बेट्सने रोगावर औषध शोधलं नाही. त्याने हा हिशेब उलटा फिरवला. तीनशे वर्षांपूर्वी! आणि २०२२ मध्ये आपल्याकडे लम्पीने दगावलेल्या जनावरामागे सरकारने मदत जाहीर केली, दुभत्या गाईला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. तेव्हा मी ती बातमी वाचून पान उलटलं होतं. मला ती मेलेल्या जनावराची भरपाई वाटली होती. ती जिवंत माणसाचं तोंड उघडण्याची किल्ली होती की!

सकाळी चहा घेताना भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पंचवीस हजारात बैल कुठे येतो आता?" मग थोडं थांबून, "पण नसते तर मी तिसऱ्या दिवशीही बोललो नसतो."

अर्थात बेट्सची गोष्ट इतकी गोड राहिली नाही, आणि हे मी दादांनाही प्रामाणिकपणे सांगितलं. १७४५ मध्ये साथ इंग्लंडात परत आली. नियम तेच, पैसेही देऊ केले, पण ती दहा वर्षांवर हटेना. दोष नियमाचा नव्हता, बाजाराचा होता. जनावर हलवायला दाखला लागे, दाखले खोटे निघत; व्यापारी रातोरात कळप या परगण्यातून त्या परगण्यात नेत. इस्लिंग्टन ही एक वस्ती होती, चार माणसांनी रोज फिरून पाहता येण्याजोगी. अख्खा देश तसा पाहता येत नाही.

धुळ्याला परतल्यावर मी सासऱ्यांना गाठलं. आबा चौऱ्याऐंशीचे. बुळकांडी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. मी माझं सगळं, पादुआ, रोम, लंडन, एका दमात ओतलं. आबांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाई काय नवं शे माय? आम्ही गाव बांधूत."

गाव बांधणं! म्हणजे काय तर ढोरांवर रोग आला की भगत दिवस सांगायचा. त्या दिवसापासून गावच्या चारी वाटा बंद. बाहेरचं ढोर आत नाही, आतलं बाहेर नाही, पाहुणाही नाही. वेशीवर कडुनिंबाच्या पाल्याचं तोरण, धूर, आणि गावातलं एकेक जनावर त्या तोरणाखालून काढायचं. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपर्यंत ओढत नेऊन सोडायचा. खान्देशात बारागाड्या ओढण्याचा थाट अजून आहे, त्यामागेही मरीआईच असते पुष्कळ ठिकाणी. मी तर जागच्या जागी उडीच मारली! आबा, हे तर लान्चिसीचे पहारे! जनावराची वाट तोडणं! आणि धुराने माशा जातात, लम्पी तर मुख्यतः माशा-डासांनी पसरतो, म्हणजे वहिनीचा संध्याकाळचा धूर...

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "गाव बांधं तरी ढोरे मरेतच," ते म्हणाले.

का? तर गाव बांधायचं ते रोग आल्यावर. चार गोठ्यांत ढोरं आडवी झाली की मग भगताला बोलावणं. आणि तोरणाखालून काढताना आजारी आणि चांगली, सगळ्या गावची ढोरं एकाच ठिकाणी गोळा! मी खाली बसले. महिनाभराच्या माझ्या उत्साहावर एवढं गार पाणी कोणी ओतलं नव्हतं. पण आबांचं खरं होतं. शहाणपण होतं, पण अर्धं. आणि दुसरी गोष्ट ते बोलले नाहीत, ती मला रात्री सुचली आणि मग झोप लागली नाही. कातड्यासकट.

लान्चिसीने कातडं पुरायला सांगितलं, कारण कातड्याबरोबर रोग जातो. आपल्याकडे मेलेलं ढोर ओढणं हे गावाने महारांच्या गळ्यात बांधलेलं काम. कातडं आणि मांस हा त्याचा मोबदला, तोही 'हक्क' म्हणून मिरवायचा. म्हणजे साथीच्या दिवसांत गावातला सगळ्यात धोक्याचा, सगळ्यात घाण व्यवहार ज्यांच्याकडे ढकलला, त्यांना कातडं पुरायला लागलं तर पोटावर पाय, आणि न पुरलं तर रोग पसरला म्हणून बोल. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं आणि ते मांस खाणं सोडा असं सांगितलं ते माणूसपणासाठी. पण मला आता दिसतंय की त्या एका वाक्यात साथरोगाचंही शहाणपण होतं, आणि ते न ऐकता गावंच्या गावं ते काम सोडणाऱ्यांवर बहिष्कार घालत बसली. रोमला निदान पुरण्यासाठी मजूर ठेवले असतील. आपण जात ठेवली.

आता सगळ्यात मोठी गंमत. हे मला कोणी शाळेत का शिकवलं नाही!

हिंदुस्थानात बुळकांडी जुनीच पाहुणी. १८७१ मध्ये कर्नल हॅलन यांच्या आयोगाने गुरांच्या साथींवर देशभरचा मोठा अहवाल काढला. युरोपचा रामबाण, म्हणजे मारा आणि पुरा, इथे चालणार नव्हता. गाय मारायला येणाऱ्या सरकारी माणसाचं खान्देशच्या कुठल्याही गावात काय झालं असतं, हे सांगायला नको. (भावाची भीती इथली असेल का? मला वाटतं, असेल.) मारता येत नाही, वेगळं बांधता येतं पण बांधत नाहीत, मग उरलं काय? टोचणं. आणि त्यासाठीची प्रयोगशाळा निघाली ती कुठे? पुण्यात! १८८९ मध्ये, सायन्स कॉलेजाच्या आवारात. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. पण पुण्यासारख्या गजबजलेल्या शहरात बुळकांडीचं विष हाताळायचं म्हणजे आगीशी खेळ, म्हणून १८९३ मध्ये ती उचलून थेट कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. तिथे १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख येऊन गेला, क्षयाचा जंतू शोधणारा कॉख! पुढे तिथेच जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२०च्या दशकात बुळकांडीचा विषाणू बोकडांच्या अंगातून पुन्हा पुन्हा नेत नेत मवाळ केला आणि त्याची लस केली. मला ही कल्पनाच अफाट वाटते. रोगाला एका जनावरातून दुसऱ्यात पाठवायचं, तिसऱ्यात, शंभराव्यात, तो बोकडांत रमेपर्यंत; मग परत बैलात सोडायचा तर तो मारायचंच विसरलेला!

आणि याचंही मूळ एका शेतकऱ्याकडे जातं. हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनला गेर्ट राइंडर्स नावाचा शेतकरी होता. १७७०च्या दशकात त्याने पाहिलं की बुळकांडीतून उठलेल्या गाईच्या वासरांना रोग टोचला तर ती मरत नाहीत. विषाणू, प्रतिकारशक्ती, हे शब्दही नव्हते जगात. गोठ्यात उभं राहून त्याने हे ताडलं आणि त्या वासरांना दोन-तीनदा टोचून पक्कं करू लागला. आबांना हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं. "हाऊ माणूस आपला," म्हणाले.

स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, बुळकांडी देशातून उखडायची मोहीम सुरू झाली. गावोगाव टोचणीवाले. आबांना ते आठवतात: सायकल, थर्मासमध्ये बर्फ, आणि अख्ख्या गावची ढोरं शाळेच्या मैदानात. शेवटची बुळकांडी भारतात दिसली १९९५ मध्ये. २००६ मध्ये देश मुक्त जाहीर झाला आणि २०११ मध्ये जग. देवीच्या रोगानंतर पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग! माझ्या विद्यार्थ्यांना देवी माहीत आहे, पोलिओ माहीत आहे. बुळकांडी हा शब्द वर्गात उच्चारला तर पोरं हसली. हसू देत. एखाद्या रोगाचं नावच हसण्यावारी जाणं, याहून मोठा विजय कुठला?

या सगळ्या चाळ्यांनंतर मी २०२२ कडे वळले तर प्रत्येक सरकारी ओळ नवी दिसू लागली. २००९ च्या केंद्राच्या कायद्याखाली सप्टेंबरमध्ये अख्खा महाराष्ट्र 'नियंत्रित क्षेत्र' झाला: लान्चिसीचे पहारे. बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या वर्तुळात सरसकट लस: राइंडर्स आणि एडवर्ड्स. लम्पीची स्वतंत्र लस आपल्याकडे बाजारात नव्हती, म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली. दोन्ही विषाणू चुलतभाऊ, एकाला ओळखलं की दुसऱ्याला अडवता येतं. मदतीची रक्कम: बेट्स. १९२९ मध्ये झांबियात पहिल्यांदा दिसलेला रोग, २०१९ मध्ये ओडिशात शिरलेला, तो चिनावलच्या केळीच्या बागांत पोचेस्तोवर तीन शतकांची हत्यारं त्याच्यापुढे उभी होती. आणि मी तेव्हा काय करत होते? पोळ्याला मिरवणूक नाही म्हणून हळहळत होते.

शहरांचं म्हणाल तर एक राहिलंच. मुंबईनेही आपले म्हशींचे तबेले शहराच्या पोटातून उचलून गोरेगावला आरेच्या जंगलात नेलेच ना, १९५० च्या आसपास? ती गोष्ट दुधाची आणि स्वच्छतेची म्हणून सांगतात. पण दाटीवाटीच्या वस्तीत बांधलेली हजारो जनावरं म्हणजे इस्लिंग्टनच. आमच्या धुळ्यात अजून गल्लीत गोठे आहेत, आग्रा रोडवर रात्री मोकाट गाई रवंथ करत बसतात, आणि पांझरेच्या काठी सकाळी म्हशी डुंबतात. लम्पीच्या वर्षी त्यातल्या काही गाईंच्या अंगावर गाठी होत्या आणि त्यांचा मालक कोण हे कोणी सांगेना. चाळीस शिलिंग द्यायचे तरी कोणाला? दादांना हाच प्रश्न पडला होता. ते म्हणाले, "ताई, ज्याची गाय त्याला पैसे. पण दूध काढून घेऊन सोडून देणारा म्हणणारच नाही की माझी आहे." आणि त्यांनी गाडी सुरू केली. वीस घरं.

मागच्या आठवड्यात भावाने पुन्हा बोलावलं. तेव्हा पसंत पडलेली जोडी पैशांत बसली नव्हती, आता हेड्या थोडा नरमला होता. सावद्याच्या बाजारात या वेळी मी लांब उभी राहिले नाही. रुमालाखाली काय चाललंय त्याकडे माझं लक्षच नव्हतं. बैलांच्या कानात पिवळे बिल्ले होते, बारा-बारा आकड्यांचे, आणि मी वाकून ते वाचत होते. प्रत्येक बिल्ल्यामागे टोचणीची नोंद, प्रत्येक बैलाला नाव-गाव-मालक. लम्पीनंतर बाजार उघडले तेव्हा याच बिल्ल्यावर आणि अठ्ठावीस दिवसांपूर्वीच्या लसीच्या दाखल्यावर जनावर हलवता येत होतं. १७४५ च्या इंग्रजाकडे हे असतं तर!

"ताई, काय बघता?" हेड्याने विचारलं. "दात इकडे असतात."

"दादा," मी म्हणाले, "सतराशे चौदा सालची गोष्ट आहे..."

भावाने रुमालातला हात काढला, हेड्याच्या हातावर टाळी दिली आणि म्हणाला, "दिले, दिले. तुमचाच आकडा. चला, ताईला गाडीत बसवा आधी."